आधी झोप, मग इसार

पुणतांब्याच्या सखारामतात्यांचं घर विकत घ्यायचं असेल, तर आधी तिथे दुपारी झोपून दाखवावं लागतं. एजंटाने हे गाडीत सांगितलं तेव्हा मला हसू आलं. तो गंभीरच होता. म्हणाला, "साहेब, वाटेत चहा घ्यायला नको. मागच्या पार्टीचं चहानंच फिसकटलं."

घर पेशवाईतलं. गोदावरीच्या काठावर, चिरेबंदी, आणि नदीकडची खिडकी एवढी खोल की आत मांडी घालून बसावं. इतक्या वर्षांत एक दगड हललेला नाही. तात्यांनी आयुष्यभर ऊस केला, आता सत्तरी ओलांडून ते या घरात एकटे राहतात. पुण्याचा मुलगा सारखा म्हणतो, घर विका आणि इकडे या. तात्यांचं उत्तर तयार असतं, "इकतो की. मी कुटं न्हाई म्हनतो?" आणि गिऱ्हाईक आलं की सतरंजी अंथरतात.

"इसार मागनं बगू. ज्याला हितं झोप लागत न्हाई, त्यानं घर घिऊन करायचं काय?"

शिर्डीचा एक लॉजवाला आला होता. तो आडवा पडल्या पडल्या मोबाईलवर खोल्यांचे दर ठरवू लागला. नापास. राहुरीहून एक प्राध्यापक जोडपं आलं. बाई गाढ झोपल्या, सर आढ्याकडे बघत पडून राहिले. "निम्मं घर कसं इकायचं, सर?" म्हणत तात्यांनी दोघांना स्टँडपर्यंत पोचवलं.

मला ते घर मनापासून हवं होतं. मी नगरला बँकेत असतो, आणि दुपारी झोपणं मला पाप वाटतं. आपल्या वाटचं काम त्या वेळी दुसरंच कुणी करत असेल, असं वाटत राहतं. रात्रीही याच विचारांनी कूस बदलतो. घर बघताना त्या खिडकीत बसलो तेव्हा मात्र कित्येक वर्षांनी डोकं शांत झालं. म्हणून ठरवलं, झोपेचं सोंग घ्यायचं. वाईट वाटत होतं, पण घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

तात्यांनी पिठलं-भाकरी वाढली. मी सतरंजीवर पडलो, डोळे मिटले आणि संथ श्वास घेऊ लागलो. एजंट बाहेर गाडीत जाऊन बसला.

थोड्या वेळाने डोळे किलकिले केले. तात्या चपला हातात घेऊन अनवाणी चालत होते. खिडकीचं दार त्यांनी बोटभर, मग अजून बोटभर असं लोटलं, की ऊन माझ्या तोंडावरून सरकलं. नळाखाली बादली होती. तिच्यात फडकं सोडलं, म्हणजे धार वाजायची नाही.

तेवढ्यात शेजारच्या पारूबाई विरजण मागायला आल्या.

"हळू बोल," तात्या कुजबुजले. "घरात मानूस झोपलंय."

"आन् एरवी? भांडी आपटता ती आमच्या घरात ऐकू येत्यात."

"एरवी कुनासाठी हळू वागू, पारू? तुझी वैनी गेल्यापास्नं कोन हाय झोपलेलं?"

विरजणाची वाटी घेऊन पारूबाईही पाय न वाजवता गेल्या. तात्या उंबऱ्यावर बसले, माझ्याकडे तोंड करून. पाळण्यातलं पोर राखत बसावं तसे. चेहऱ्यावर असं समाधान, की मला डोळे गच्च मिटून घ्यावे लागले.

उन्हं कलल्यावर मी उठलो. तात्यांनी तांब्या पुढे केला.

"लागली का झोप?"

हो म्हटलं असतं तर महिन्याभरात घर माझं झालं असतं आणि तात्या पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये गेले असते. दारात आलेल्या एजंटाने मान हलवून मला खूण केली, हो म्हणा.

"नाही लागली, तात्या," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी परत येऊन बघू का?"

एजंटाने कपाळाला हात लावला.

"या की," तात्या म्हणाले. "माडीवर सतरंजी टाकू तुमाला. तितं वारं लई ग्वाड हाय."