धकाते सरांचा अपुरा गृहपाठ

त्या सोमवारी धकाते सर स्वतःच्याच वर्गाबाहेर उभे होते. आत अकरावीची मुलं चिडीचूप बसून पुस्तक वाचत होती आणि बाहेर, भिंतीला पाठ टेकवून, निवृत्तीला आलेले आमचे जीवशास्त्राचे सर हातातला खडू उगाच फिरवत होते. फेरीवर निघालेले मुख्याध्यापक थबकले. बिचारे आमच्या शाळेत नवीनच आले होते.

"सर, तुम्ही बाहेर कसे?"

"गृहपाठ झाला नाही जी," सर खाली मान घालून म्हणाले.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवतो, म्हणजे साक्षीदार मीच. मी त्यांना बाजूला नेऊन कायदा समजावून सांगितला. जो गृहपाठ मास्तरानं स्वतः केला नाही, तो पोरांना द्यायचा नाही. आणि ज्याचा गृहपाठ झाला नाही, त्यानं तासाच्या सुरुवातीला बाहेर उभं राहायचं. कायदा सरांनीच केलेला, आणि सगळ्यांना सारखा. फक्त इतक्या वर्षांत सरांवर ही पाळी कधी आली नव्हती. त्यामुळे मुख्याध्यापकांपेक्षा मीच जास्त चक्रावलो होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही लग्नाच्या पंगती झोडत असतो, तेव्हा सर वर्षाचं नियोजन करत असतात. नियोजन आम्हीही करतो; मागच्या कागदावरचं साल बदलतो. सर धड्यांचा क्रम पुस्तकातून घेत नाहीत, बांधावरून घेतात. बी कसं रुजतं ते शेतात धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीच्या रोपांचे वाफे, टाकायच्या दिवसांत. पाण्यातल्या वनस्पती तळ्यात शिंगाडे धरतात तेव्हा. असं असूनही बोर्डाचा अभ्यासक्रम आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांचाच संपतो. हे कसं जमतं ते मला अजून उमगलेलं नाही, आणि विचारायची छातीही होत नाही.

बुरशीचा धडा जवळ आला की शिक्षकांच्या खोलीत त्यांचा एक डबा ठेवलेला असतो. त्यात ओली पोळी. डबा दिसायला हुबेहूब माझ्या डब्यासारखा. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की मी किंचाळलो तेव्हा सर धावत आले ते माझ्यासाठी नव्हे. "सांभाळून जी! आत्ताच कुठं हिरवी व्हाले लागली!"

पण मला हात जोडायला लावले ते भाताच्या गृहपाठानं. घरी जाऊन भाताचा एक घास तोंडात घ्यायचा आणि गिळायचा नाही, गोड लागेपर्यंत चावायचा. त्याआधी सरांनी स्वतः आमच्यासमोर बसून अख्खा डबा या पद्धतीनं खाल्ला. मधली सुट्टी संपली, पुढचा तास संपत आला, सर चावतच होते. दोन दिवसांनी एका मुलीचे वडील शाळेत आले. चिखलाचे पाय, खांद्यावर दुपट्टा, आवाज चढलेला.

"सर, पोरगी एक घास घेऊन बसते तं उठतच नाही! बिमारी लागली का तिले?"

सरांनी आपल्या डब्यातला भात त्यांच्या हातावर ठेवला. "चावा जी. गिळू नका."

गृहस्थ उभ्या उभ्या चावू लागले. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोकळ्या झाल्या.

"गोड लागून राह्यलं जी!" ते म्हणाले. "जिंदगी गेली भात खाण्यात. हे काहून मालूम नव्हतं?"

"गिळाची घाई करतो नं आपण," सर म्हणाले. "आता हे एका बारीचं झालं. एका बारीचं खरं नाही धराचं. तीन बाऱ्या करा, मंग माना."

सरांच्या तोंडचं दुसरं वाक्य म्हणजे "करून पाह्यलं का?" मी एकदा नववीला 'मी पक्षी झालो तर' असा निबंध दिला. सरांनी फळा वाचला आणि दारातूनच विचारलं, "लेहून पाह्यला का जी?" त्यात चेष्टा असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. चेष्टा नव्हती. मी घरी जाऊन लिहायला बसलो, आणि घरावरून एक गिरकी घेतल्यावर माझा पक्षी पुढे कुठे जाईना. तेव्हापासून मी तो विषय देत नाही.

ही खोड वडिलांची, असं ते सांगतात. वडील पवनीला मागावर बसायचे. विणलेलं लुगडं आधी स्वतःच्या गालाला लावून पाहायचे, मग घडी घालायचे.

तर असा माणूस गृहपाठ न करता वर्गाबाहेर उभा. सोमवारी उभा, मंगळवारी उभा, आठवडाभर उभा. कुठला गृहपाठ राहिला विचारलं तर "होऊन जाईन जी" एवढंच. मुलं आत खालच्या मानेनं वाचत. एरवी गृहपाठ टाळायला टपलेली ही पोरं, पण सर बाहेर उभे असलेले त्यांना बघवत नव्हते.

रविवारी दुपारी आमची जेवणं झाली होती. दारात सर उभे. काखेत उशी.

"भुरे सर, एक काम होतं," ते म्हणाले. "मले तुमच्या इथं झोपाचं हाय."

"माय व! तब्येत बरी नाही का?" माझी आई आतून धावत आली. तिच्यामागे माझी बायको पाण्याचा गडवा घेऊन आली.

"तब्येत टंच हाय, माय. गृहपाठ हाय."

मग त्यांनी सांगितलं. श्वसनाचा धडा चालू होता. जागेपणी श्वास मोजायचे, आणि झोपेतले घरच्या माणसाकडून मोजून घ्यायचे.

"पहिले ती मोजे," सर म्हणाले. ती म्हणजे आमच्या धकाते वहिनी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा दूर नोकरीला. "ती गेली आन मी हा गृहपाठच नियोजनातून काढून टाकला. यंदा पोट्टे इचारून राह्यले, सर, आमच्या दादाच्या वर्गाले होता, आमाले काहून नाही? काय सांगू? देतो म्हटलं. मोबाइल लावून झोपून पाह्यलो. व्हिडिओत दिसते बराबर. पण पोट्ट्यायले सांगतो घरचं माणूस पाह्यजे, आन मी यंत्राकडून मोजून घेऊ?"

माझ्या बायकोनं ओसरीतल्या खाटेवर चादर टाकली.

सर आडवे झाले. मी घड्याळ घेऊन उशाशी, बायको पायथ्याशी, आई निवडायचे तांदूळ सुपात घेऊन बाजूला. थोड्या वेळानं सरांनी एक डोळा उघडला. "असे घुरून पाह्यसान तं झोप कशी येईन जी?"

आईनं आम्हाला मागे हटवलं आणि तांदूळ निवडत आपल्या माहेरचं, एकोडीचं पुराण लावलं. कोणत्या बांधीत कोणता धान, कोणाची म्हैस कोणाच्या पऱ्ह्यात शिरली. सर हुंकार देत होते. म्हैस कोंडवाड्यात पोचायच्या आत हुंकार थांबला.

मी घड्याळाकडे पाहून मोजणीसाठी हलकेच "हं" म्हटलं. आईला घड्याळ कळत नाही. तिनं आपला हिशेब काढला: सरांचा एक श्वास झाला की सुपातला एक दाणा कोपऱ्यात सरकवायचा. सरांचं पोट वर यायचं, थांबायचं, खाली जायचं. खाली गेल्यावर परत वर येईपर्यंत आईचं बोट दाण्यावर थांबलेलं असायचं आणि माझाही श्वास थांबलेला. झोपलेल्या माणसाकडे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. कोणी न सांगता, कोणी न पाहता हे रोज चालू असतं.

मिनिट झालं. मी सरांना उठवायला हात पुढे केला, तर आईनं तो झटकला. "झोपू दे त्याले. कवाचा झोपला नाही कोण जाणे."

सर दिवेलागणीला उठले. गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, मग विचारलं, "किती भरले?"

आईनं कोपऱ्यातले दाणे त्यांच्या तळहातावर ओतले. सर ओठ हलवत मोजत राहिले.

"बराबर," ते म्हणाले. "ती मोजे तं यवढेच भरत." आणि मूठ मिटून तशीच धरून बसले.

"एका बारीचं खरं नाही म्हणतं नं तू?" आई म्हणाली. सरांना ती पहिल्यांदाच 'तू' म्हणत होती. "दोन बाऱ्या बाकी हाय. उशी राहू दे इथंच."

सोमवारी सर वर्गाच्या आत होते. मधली भिंत पातळ असल्यानं मला सगळं ऐकू येतं. दाण्यांची पुडी बाकांवरून फिरली, आणि एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचे कोणं मोजले?"

"मायनं," सर म्हणाले.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आईनं त्या उशीची खोळ धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातली होती.