राणीसाहेबांच्या तोंडचा घास

आवक-जावक कारकुनाने साहेबांच्या केबिनमधल्या माशांच्या टाकीत गांडूळ सोडलं, ते फक्त त्याचं शेपूट कसं हलतं हे बघायला. गांडूळ प्लास्टिकचं होतं. घरच्या शेगडीवर वितळवलेलं, प्लास्टरच्या साच्यात ओतलेलं, जांभळं, पोटात बारीक चमकी. मासेमारीचे शौकीन असली मऊ आमिषं गळाला लावतात, आणि कारकुनाला ती बनवून विकायचा जोडधंदा काढायचा होता. कारागिरी त्याची, पण नजर बायकोची. शेपूट केसभर जाड झालं तरी तिला दारातून कळे, आणि सगळा माल पुन्हा पातेल्यात जाई. "बादलीत वरून काय बघता? पाण्यात बाजूने बघा," असं तीच म्हणाली होती.

टाकीत साहेबांची लाडकी सोनेरी मासोळी राहायची. सगळं ऑफिस तिला राणीसाहेब म्हणे. राणीसाहेबांनी कित्येक दिवस अन्न टाकलं होतं. म्हणून साहेबांनी हसणं टाकलं होतं आणि जो समोर येईल त्याची बदली गोदामात होत होती. अन्नाला न शिवणारी मासोळी ढुंकूनही बघणार नाही, या हिशेबाने कारकुनाने दोऱ्याला बांधलेलं गांडूळ पाण्यात हलवलं. शेपूट असं काही लचकलं, की करणाऱ्याचाच ऊर भरून आला. त्याच क्षणी राणीसाहेबांनी झडप घातली. दोरा हातात राहिला, गांडूळ तोंडात गेलं.

"खाल्लं!" दारात साहेब उभे होते. "अरे, खाल्लं तिनं! काय दिलंस?"

कारकुनाला डोळ्यांपुढे राणीसाहेब पोट वर करून तरंगताना दिसल्या आणि त्यांच्या पलीकडे गोदाम दिसलं.

"साहेब, ते खायचं नाहीये. प्लास्टिक आहे. मी घरी केलंय."

"मला शिकवतोस? या डोळ्यांनी वळवळताना पाहिलं मी."

"शेपूट पातळ आहे ना, म्हणून वळवळतं. बायको म्हणालीच होती..."

"तुझी बायको गांडुळं पाळते?"

"नाही साहेब, ओतते."

तेवढ्यात माशांचे डॉक्टर आले. उपोषणासाठी त्यांना आधीच बोलावलेलं होतं. कारकुनाने घाईघाईने खिशातलं दुसरं गांडूळ त्यांच्या हातावर ठेवलं. "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. हे काय आहे?"

डॉक्टरांनी भिंग काढलं. उलटंसुलटं करून पाहिलं. "प्रकृती उत्तम आहे. वयानं लहान दिसतंय."

कारकुनाने ते हिसकावून चांगलं वीतभर ताणून दाखवलं.

"ओलाव्यात वाढलेलं असं ताणतं," डॉक्टर म्हणाले. "पण छळू नका हो त्याला."

"ठेव ते खिशात!" साहेब ओरडले. "मुकं जनावर आहे!"

आता हद्द झाली. जन्मात एकदा माणूस खरं बोलायला जावा आणि त्याच्याच हातच्या गुणाने त्याला खोटं पाडावं! राणीसाहेबांच्या ओठांतून अजून जांभळं टोक मिशीसारखं डोकावत होतं. कारकुनाने बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि टोक धरलं. त्याने ओढलं, तशी राणीसाहेबांनी उलट ओढ घेतली. गांडूळ लांबलं, आणखी लांबलं, टाकीच्या काठाबाहेर आलं, पण तुटायचं नाव घेईना. असल्या प्रसंगातही कारकुनाला वाटून गेलं, 'काय माल झालाय!'

"सोड! तिच्या तोंडचा घास काढतोस?" साहेबांनी त्याची कॉलर धरली.

फट्‌! राणीसाहेबांनी तोंड उघडलं आणि गांडूळ कारकुनाच्या बोटांतूनही निसटून साहेबांच्या चष्म्यावर जाऊन बसलं.

डॉक्टरांनी सवयीने चिमूटभर कोरडं खाणं पाण्यावर टाकलं. तोंडचा घास गेल्याने चवताळलेल्या राणीसाहेबांनी ते मटकावलं, आणि शेपटीने पाणी उडवून आणखी मागितलं. साहेबांचे डोळे भरून आले. एका डोळ्यावर गांडूळ होतं, त्यामुळे एकच दिसला.

"गोदाम विसर," ते कारकुनाला म्हणाले. मग चष्म्यावरचा ऐवज हलक्या बोटांनी उचलून त्यांनी तळहातावर घेतला. "मरणाच्या दाढेतून परत आलंय बिचारं. याला खिडकीतल्या कुंडीत सोड. आणि दाबू नकोस, हळू."

कारकुनाला कॉलरवरचा हात आठवला आणि त्याने गांडूळ हळूच कुंडीच्या मातीत ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी साहेब स्वतःच्या हाताने कुंडीला पाणी घालत आणि माती जराशी बाजूला सारून विचारत, "कसं आहे रे?"

"जसंच्या तसं आहे, साहेब. कणभर फरक नाही."

"चिवट जात!"

एक दिवस मात्र साहेबांनी बराच वेळ कुंडीत वाकून पाहिलं आणि उसासा टाकला. "खातंपितं घर आहे, पण एकटं पडलंय रे. जोडीदार मिळेल का?"

संध्याकाळी कारकून घरी गेला तो चपला न काढताच म्हणाला, "अगं, साचा काढ. आपल्या पोराला स्थळ हवंय."

बायकोने शेगडी पेटवली आणि फळीवरची बाटली खाली घेतली. "थांबा, मग चमकी जरा सढळ हाताने घालते. लग्नाचं कार्य आहे."