जबड्याचा कोपरा

म्हैसुरात कुणी भेटलं की आधी विचारतं, ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का. आमच्या बोगादीच्या गल्लीतले जगतापकाका मात्र विचारत, ‘दात बसतात का?’ म्हणजे वरचे-खालचे नीट जुळतात का.

काका जबड्याच्या हाडांचे सर्जन. नोकरीतून निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. बोलताना ती समोरच्याच्या कानाखाली, जबडा वळतो तिथं खिळलेली. नव्या सुना बिचाऱ्या कानातलं पडलं की काय म्हणून चाचपून बघत. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाचा पगार, घराणं, सगळं बोलून झाल्यावर काकांनी मत दिलं, ‘कोपरा मजबूत आहे. करून टाका.’

आम्ही करून टाकलं. आणि त्याच लग्नात मला काकांची विद्या दिसली.

काका खाण्याचे भोक्ते. पानात म्हैसूरपाक असताना ते कुणाचंच ऐकत नसत. समोरच्या पंगतीत माझा मावसभाऊ यशवंत बसला होता. बेळगोळचा पैलवान. डावा गाल सुजलेला. ‘दाढ दुखतेय,’ असं तो सगळ्यांना सांगत होता. सारू-भात खाताना साराचा ओघळ त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर उतरला, तरी त्यानं पुसला नाही. काका अर्धा म्हैसूरपाक टाकून उठले.

‘दात बसतात का रे?’

‘बसतात की. डावीकडचे स्वल्प आधी टेकतात.’

काकांनी रुमालाचं टोक त्याच्या खालच्या ओठावर डावीकडं फिरवलं. ‘कळतंय?’

‘काय?’ यशवंतनं विचारलं. ओठाला स्पर्शच कळत नव्हता.

मग काकांच्या खिशातून आइस्क्रीमची काडी निघाली. ती दाढांत धरायला लावून त्यांनी हलकेच पिळली. धडधाकट माणूस ती दाबून धरतो, काडी मोडते. दोन माणसं खांद्यावर घेऊन बैठका मारणाऱ्या यशवंतनं डोळ्यांत पाणी आणून ती सोडून दिली.

त्याच्या कानाखाली बोट ठेवून काका पोराला सांगावं तसं म्हणाले, ‘दाढ नव्हे मगा, हाड. कोपऱ्यात सरळ चीर गेलीय, अजून सरकलेली नाही. सरावात डोकं लागलं ना?’

यशवंतनं मान खाली घातली. दसऱ्याची कुस्ती तोंडावर आली होती, म्हणून त्यानं लपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. काकांनी पंगतीत बोट ठेवलं होतं तिथंच केसासारखी रेघ. सगळे रेघ बघत होते, मी काकांचं बोट बघत राहिलो.

‘लढलो नाही तर पळाला म्हणतील,’ यशवंत म्हणाला.

‘म्हणू देत. लढलास तर ही रेघ फाकेल, मग जन्मभर घास वाकडा.’

वरचे-खालचे दात तारेनं बांधले गेले. आता तालमीत त्याला पातळ करून कोण घालणार? काकांनी त्याला आपल्या घरी आणलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी मी चकल्यांचा डबा घेऊन गेलो, तर दोघं टेबलाशी समोरासमोर बसून नाचणीची पेजेसारखी गंजी पीत होते.

‘काका, तुम्ही तरी चकली घ्या.’

‘इरली, राहू दे,’ असं म्हणून त्यांनी डबा बंद केला. मला दारापर्यंत सोडायला आल्यावर हळूच म्हणाले, ‘त्याच्यासमोर कसं चावायचं?’

तार असेपर्यंत त्यांनी दाताखाली काही घेतलं नाही.

तार निघाली. यशवंत पाया पडला आणि पिशवी घेऊन बससाठी निघाला. तो वळणापलीकडं जाईपर्यंत काका फाटकाशी उभे होते.

‘अजून आठवडाभर ठेवता आली असती तार,’ ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. ‘नाही. हाड छान जुळलंय.’