ढकलणारा पंखा

"आता पुन्हा भाऊजींची बादली तुमच्या गाडीत रिकामी झाली, की गाडी भंगारात," बायकोनं भाजी चिरता चिरता निकाल दिला.

टेलर मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. बायको निकाल देत असताना मशीन थांबवायचं नाही, हे त्यांनी संसाराच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. पण आरोप खरा होता. मागच्या खेपेला त्यांची जुनी गाडी ऐन साडूच्या फाटकासमोर उकळली होती. साडू आपल्या नव्या कोऱ्या गाडीला टेकून उभे होते. ते सावकाश आत गेले, बादली भरून घेऊन आले आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतताना गालातल्या गालात हसले. पाणी केव्हाच वाळलं. ते हसू बायकोच्या मनात अजून ओलं होतं.

रेडिएटरमागच्या पंख्याची मोटार जळली होती, एवढं मास्तरांनी स्वतःच शोधून काढलं. रविवारी पुन्हा त्याच घरी, बायकोच्या ताईकडे, जेवायला जायचं होतं.

"गॅरेजवाल्याला सांगा," बायको म्हणाली.

"तो काय करणार? माप घेणार आणि जोडणार. मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

गळ्यात टेप तशीच लटकवून मास्तर जुन्या पार्ट्सच्या दुकानात पोचले. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं.

"वय कशाला विचारता? अंगाचं माप घ्या." मास्तरांनी घेर सांगितला, जाडी सांगितली, भोकांमधलं अंतर सांगितलं, वर बोटभर ढील ठेवायला सांगितलं.

दुकानदारानं मुकाट्यानं दोन पंखे काउंटरवर ठेवले. "मापाला दोन्ही बसतील. हा ओढणारा, हा ढकलणारा. कुठला देऊ?"

मास्तरांना विचार करावा लागला नाही. आयुष्यभर त्यांनी ओढाताणीचे परिणाम पाहिले होते. काखेत ओढलं की शिवण उसवते, पोटावर ओढलं की बटण उडतं.

"ढकलणारा द्या. ओढून बसवलेलं काही टिकत नाही."

"अहो, पण तुमचा बसवायचा कुठे? रेडिएटरच्या पुढे की..."

"जिथला काढला तिथेच. मापात बसतोय ना?"

शेवटी गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाशी वाद घालून धंदा होत नाही. दुकानदारानं पंखा बांधून दिला.

पंखा असा बसला, की नवरदेवाचा कोटही इतका चपखल बसत नाही. अंगणात गाडी सुरू ठेवून मास्तरांनी बायकोला बोलावलं. तापमानाचा काटा जागचा हलेना. "बघ," ते म्हणाले. बायकोनं बघितलं आणि ती भाजी चिरायला आत गेली. मास्तरांनी ती पोचपावती समजून घेतली.

रविवारी गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि काटा चढू लागला. सिग्नलला थांबले, तर उतरला. पुन्हा निघाले, पुन्हा चढला.

"जगाच्या गाड्या थांबल्या की तापतात," बायको म्हणाली. "तुमची चालली की तापते. उभीच ठेवायची होती तर घरी होती की."

साडूच्या गल्लीच्या तोंडाशी काटा लाल रेघेला टेकला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवून खाली उतरले आणि घाम पुसायला रुमाल काढला. रुमाल पुढच्या जाळीसमोर आला मात्र, आत खेचला जायच्या ऐवजी बाहेर फडफडू लागला. कापड कधी खोटं बोलत नाही. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागे बसून ढकलणारा पंखा वारा पुढे फेकत होता आणि पळत्या गाडीचा वारा समोरून आत येत होता. दोघांची दारातच मारामारी, आणि इंजिन मधल्यामध्ये गुदमरलेलं.

"आता काय?" बायकोनं विचारलं. तिची नजर गल्लीच्या टोकाला होती. फाटकाशी साडू उभे होते आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्या नव्या गाडीच्या मागे, भरलेली बादली.

"वारा उलटा, तर गाडी उलटी," मास्तर म्हणाले. ते गाडीत बसले, गाडीची पाठ गल्लीकडे वळवली आणि रिव्हर्स टाकला.

मान मागे वळवून त्यांनी ती चिंचोळी गल्ली एका दमात कापली. डावीकडे भिंत, उजवीकडे उभ्या स्कूटर. दोन्हीकडे बोटभर ढील, ना कमी ना जास्त. गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली. काटा लाल रेघ सोडून निमूट खाली आला आणि गाडी सुईत दोरा जावा तशी फाटकातून आत गेली.

साडू पाहतच राहिले. नवी गाडी घेतल्यापासून ती मागे घ्यायला ते शेजाऱ्याला हाक मारत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे हो काय नवीन, मास्तर?"

"पाहुण्यानं पाठमोरं यावं, म्हणजे निघताना खोळंबा नको," मास्तर शांतपणे म्हणाले.

"त्यात काय एवढं? आमच्या गाडीला तर मागे कॅमेरा आहे," साडू म्हणाले. गॅलऱ्या अजून भरलेल्या होत्या. ते तडक गाडीत बसले. कॅमेऱ्यानं पीं पीं करून जीव तोडून सांगितलं, पण त्यांचं लक्ष गॅलऱ्यांकडे होतं. फाडकन आवाज झाला. पाण्याचा लोट मास्तरांच्या चपलांपर्यंत आला आणि मागच्या चाकाखाली बादलीचे तुकडे उरले.

ताई कपाळाला हात लावून आत गेली. मास्तरांच्या बायकोनं एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"अहो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "राहू दे तुमची गाडी. अट बादलीची होती. आता बादलीच नाही."

मास्तरांनी गळ्यातली टेप सरळ केली. "साडूभाऊ, नवी बादली घ्यायला जाल तेव्हा मला हाक मारा. माप घेऊनच घेऊ."