पाणमांजरबाईंची परतीची खेप

एका जंगलात, मुलांनो, वाघीण महाराणी गुहेत राहायची आणि तिचा बछडा पार तळ्याकाठी हुंदडायचा. तळ्यात मगर होती. म्हणून तळ्यापासून गुहेपर्यंत झाडाझाडावर वानर बसवले होते.

मगरीने डोके काढले की पहिला वानर "हूप!" करी. मग दुसरा, मग तिसरा. हूप लहानमोठी नसे. केली तर पूर्ण, नाहीतर नाहीच. ओरडून झाले की प्रत्येकाने क्षणभर दम खायचा.

वाटेत खळाळता ओढा होता. तिथे हूप ऐकूच जात नसे. म्हणून अलीकडे हूप झाली की पाणमांजरबाई पलीकडे बेलफळे नेऊन ठेवत. पलीकडे धोंडू वानर बसे. तीन फळे दिसली तरच तो हूप करी. मग बाई फळे परत आणत.

हसू नका. तुमच्या अंगातही हेच चालते. काटा मोडला की चेतापेशीतून विजेची लहर धावते. दोन पेशींमधल्या फटीत ती पेशी रसायन सोडते. पुढचीला पुरेसे पोचले तरच ती पेटते, आणि मग रसायन आवरले जाते.

एकदा कामाची तपासणी करायला कोल्हेसाहेब आले.

"बाई, येताना कुठला निरोप आणता?"

"निरोप नाही साहेब. फळं आवरून आणते."

"मग तिथेच राहू द्या की! म्हणजे न्यायचीही नकोत."

बाईंचे पदच गेले. बिचाऱ्या तळ्यावर मासे पकडू लागल्या.

इकडे धोंडूसमोर तीन फळे कायमचीच. हूप, दम, हूप, दम. महाराणी सात वेळा धावत तळ्यावर गेली. सातही वेळा बछडा चिखलात लोळत होता.

"काय चाललंय हे?" तिने धापा टाकत विचारले.

"कामाचा वेग वाढलाय, महाराणी!" कोल्हेसाहेब म्हणाले.

महाराणीने कानात सावरीचा कापूस घातला. त्याच दुपारी मगर खरोखर आली. सगळे वानर ओरडले, पण धोंडू तर सकाळपासूनच ओरडत होता. महाराणी हललीही नाही.

पाणमांजरबाईंनी बछड्याची मानगूट धरून त्याला ओढून काढले. शेपटीचा शेंडा तेवढा मगरीकडे राहिला. ती थोटकी शेपटी पाहून महाराणी ढसाढसा रडली. मला अजूनही त्या पोराची दया येते.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. एका दिवसात चारशे हुपांबद्दल धोंडूला बिल्ला मिळाला. पाणमांजरबाईंना नोटीस मिळाली : विनापरवाना बछडा ओढल्याबद्दल.

तात्पर्य : बाळांनो, मोठेपणी ओरडायचे काम पत्करा. आवरायचे काम पत्कराल, तर निदान कुणाचा जीव वाचवू नका.