चंदेरी कापांचे डॉक्टर

डॉक्टर सरंजामे यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी मला दिलेला पहिला हुकूम असा होता : "श्वास घेऊ नका."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी श्वास रोखून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा त्यांची रीतसर परवानगी घेऊन व्हरांड्यात श्वास घ्यायला गेलो. त्यांचा मदतनीस म्हणून माझी कारकीर्द सुरू झाली ती अशी.

ही पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. पिंपरीच्या माळावर बुरशीपासून औषध करण्याचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. बुरशीतून औषध किती निघतं याकडे सगळ्यांचं लक्ष. तिच्या एका पेशीच्या आत काय काय मांडून ठेवलेलं असतं, हे बघायचा ध्यास एकट्या सरंजाम्यांना. विलायतेत डॉक्टरेट घेऊन वर आणखी दोन वर्षं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हेच काम करून आले होते. पिंपरी गावातले त्यांचे घरमालक तुकाराम आण्णा मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "डाक्टर झाल्यावर बी दोन वरसं शिकत व्हते म्हनं? म्हंजी नापास झालं व्हतं का वो?" मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला लक्षात आलं, की मलाही ते नीटसं माहीत नाही.

अडचण एवढीच होती, की तो सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. तो होता कलकत्त्याला. आम्ही इथे फक्त काप काढायचे. बुरशी प्लॅस्टिकच्या खड्यात बसवायची, जाड काच फोडायची आणि तिच्या ताज्या धारेवर त्या खड्याचे काप काढायचे. हे काप इतके पातळ, की श्वासानेही उडायचे आणि पाण्यावर तरंगत असताना त्यांचा नुसता रंग दिसायचा. जांभळा दिसला तर फेकून द्या, सोनेरी म्हणजे अजून जाडच, चंदेरी म्हणजे जमलं. मग ते टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर उचलून घ्यायचे. जाळीवर वाळले, की तेवढाही रंग दिसत नसे.

डॉक्टरांनी साऱ्या जगाची प्रतवारी याच मापाने केली होती. जेवणातला कांदा? "जाड आहे." वरच्या साहेबांचं भाषण? "फार जाड." माझ्या साखरपुड्याची सोन्याची अंगठी त्यांनी उजेडात तिरकी धरून पाहिली आणि हळहळून म्हणाले, "थोडक्यात हुकलं हो." हे मी सासऱ्यांच्या कानावर घातलं नाही.

माझं मुख्य काम रेल्वेचं. लाइनवरून मालगाडी गेली की टेबल थरथरायचं आणि काप फाटायचा. म्हणून मी खिडकीशी उभं राहून "गाडी!" अशी वर्दी द्यायची. बी.एस्सी. होऊन मी सिग्नलमन झालो होतो. एकदा मी इतक्या जोरात ओरडलो, की गाडी पोचायच्या आधी माझ्या आवाजानेच काप गेला.

"गाडी परवडली," डॉक्टर म्हणाले.

शेवटी कलकत्त्याच्या यंत्रावर आम्हाला एक दिवस मिळाला. सोमवारी आमचे एक साहेब तिकडे निघणार होते, त्यांच्याबरोबर जाळ्या पाठवायच्या. वरून बजावलेलं होतं, की या खेपेला फोटो आले नाहीत तर हा खेळ बंद. सरंजाम्यांनीही बाकीच्यांसारखं औषधाच्या कामाला लागायचं. डॉक्टर सहा आठवडे काप काढत होते. मीही सहा आठवडे जमेल तितका कमी श्वास घेत होतो.

शनिवारी ते लवकर घरी गेले आणि मला आवराआवरीचा उत्साह आला. सोमवारी शाबासकी मिळेल, हा हिशेब मनात होताच. टेबलावर बशीत सहा जाळ्या दिसल्या. जाळ्या परदेशातून यायच्या, त्यामुळे वापरलेल्या धुऊन पुन्हा वापरायची आमची पद्धत होती. मी त्या भिंगाखाली धरून पाहिल्या. काही नव्हतं. छान ॲसिटोनमध्ये घोळवून, लख्ख करून टिपकागदावर वाळत घातल्या. मग बशी पुसायला उचलली, तर खाली डॉक्टरांच्या अक्षरात चिठ्ठी : "चंदेरी! सहाच्या सहा!"

काप दिसत नसतात, हे मला दीड वर्ष रोज सांगितलं जात होतं.

माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, लग्न तोंडावर होतं. शनिवारची रात्र मी खोटं काय बोलावं याचा विचार करण्यात घालवली. पण त्यालाही अक्कल लागते. रविवारी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही? माझ्याकडे?" डॉक्टर धोतराचा सोगा सावरत म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत ते मागच्या खिडकीशी धावले. "आण्णा, थोडं दूध मिळेल का? पाहुणे आलेत!"

"पाव्हनं? तुमच्याकडं?" बाहेरून आवाज आला. "आक्रीतच झालं म्हनायचं!"

डॉक्टरांनी ट्रंक उघडून इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुसरा कप काढला. विलायतेहून आल्यापासून तो तसाच बांधलेला होता. तो कप ते इतक्या निगुतीने धूत होते, की मला बोलवेना. शेवटी चहा पुढे आला तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ॲसिटोनमध्ये?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं. नीट धुतल्या."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग कागद घेऊन त्यांनी वरच्या साहेबांना चार ओळी लिहिल्या आणि पाकीट बंद करण्याआधी मला वाचायला दिल्या. "नमुने माझ्या हातून खराब झाले," असं लिहून खाली त्यांनी स्वतःची सही केली होती.

"पण सर, तुमचं काम बंद होईल."

"होईल. तुम्ही अजून पक्के व्हायचे आहात."

मला रडू आवरेना. तेही माझ्याकडे न बघता बशीतला चहा फुंकत होते. निघताना मला दारापर्यंत पोचवायला आले आणि उंबऱ्याशी घुटमळले.

"एखाद्या रविवारी काही बिघडवलं नसलंत," ते म्हणाले, "तरीही येत जा."