घामाला खाडा नाही

आमच्या भूम गावात एक माणूस असा आहे, जो आसन करायला सांगत नाही, आसन सोडतो. स्टँडावरनं गाडी सोडतात तसं. मूठ तोंडाशी माइकसारखी धरतो आणि म्हणतो, "लक्ष द्या. वृक्षासन लागलेलं आहे. उजवा पाय वर घ्यावा. डुगडुगणाऱ्यांनी भिंतीला धरू नये, भिंत तापलेली आहे."

भिंत खरंच तापलेली असते. पलीकडं राधाबाईची खव्याची भट्टी आहे.

हा एस.टी.त कंट्रोलर होता. रिटायर झाला तरी सगळे कंट्रोलरच म्हणतात. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, "ड्यूटी लागत गेली, राहून गेलं." एकदा पुण्याच्या भाचीनं त्याला मोबाइलवर दाखवलं, की शहरातली माणसं खोली हीटरनं गरम करून आत योगा करतात, घामानं निथळतात आणि वर फी भरतात. हा भडकला. "हीटर कशाला? आपल्याकडं भट्ट्या फुकट तापतात की!" दुसऱ्याच दिवशी भट्टीमागची लाकडं ठेवायची खोली झाडून मोकळी केली. राधाबाई तोंडाची तिखट. म्हणाली, "व्हय कंट्रोलर, दूध आटून खवा हुतो. तुम्ही आटून काय हुणार?"

तिथं घड्याळ नाही. पलीकडं दुधाला उकळी आली की सूर्यनमस्कार. उलथण्याचा आवाज जड झाला की उभी आसनं. खवा कढई सोडायला लागला की शवासन. एकदा दूध लई पातळ आलं, आटता आटेना. आम्ही कितीतरी वेळ एका पायावर. रिटायर तलाठी रडकुंडीला आले. कंट्रोलर म्हणाला, "दूधवाल्याकडं तक्रार करा. मी वेळापत्रक मोडणार न्हाय."

नियम पाठ आहेत त्याचे. पोट रिकामं पाहिजे, पण पाणी आदल्या संध्याकाळपासून घोटघोट प्यायचं. श्वास नाकानं. घाम सारखा पुसायचा नाही. चक्कर आली तर खाली बसायचं, बाहेर पळायचं नाही. "चालत्या गाडीतनं उतरू नका." संपल्यावर लिंबू-मिठाचं पाणी, आणि अंग निवल्याशिवाय वाऱ्याला जायचं नाही. सगळ्यात मोठा नियम, रोज यायचं. "घामाला खाडा न्हाय. आठ दिवसांत एकदा येऊन नुसतं भाजून निघाल. फायदा रोजच्यालाच."

मी कसा अडकलो ते सांगतो. मी गवंडी, शाळा चौथीपर्यंत. माझी बायको शांता गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं. जो तो सांगायचा, पुण्यवान होती, सवाष्ण गेली. जेवणात मीठ कमी आहे हेही त्यांनीच सांगितलं. पोरं चौदाव्या दिवशी पुण्याला गेली, आता रविवारी फोन करतात, तोही टीव्ही बघत. कंट्रोलर आला तेव्हा पुण्यवानबिण्यवान असलं काही बोलला नाही. मला खालीवर बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री, उद्या सातला. टॉवेल आणा."

राग आला. पण गेलो. घरात तरी कोण होतं?

सात जण होतो. उन्हाळा लागला तशी माणसं गळाली. तलाठ्यांचे गुडघे, कुणाची नात, कुणाचा बीपी. राहिलो मी एकटा. मलाही कंटाळा आला होता, भट्टीचा नाही, जगायचाच. अशा माणसाला अंग मोकळं करून कुठं जायचंय? त्याला तोंडावर सांगितलं, "कंट्रोलर, मला सोडा आता. एका माणसासाठी कशाला ओरडता?"

"एक प्रवासी असला तरी गाडी सुटती."

"मग मोकळी सोडा."

त्यानं टॉवेल उगाच दोनदा झटकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. साडेसातला दार बडवलं कुणीतरी. उघडलं तर कंट्रोलर, ओल्या बनियनवर, पायात चप्पल नाही.

"काय झालं?" मी म्हणलं.

"तुम्हाला काय झालं?"

"काही न्हाय. आलो न्हाय, बस."

"न्हाय यायचं तर सांगायचं असतं!" असा ओरडला की समोरची बाई बाहेर आली. मग ओट्यावर बसला. मी पाणी दिलं, ते अर्धं सांडलं.

"मागच्या श्रावणात न्हाणीत पडलो," तो म्हणाला. "पाय हलंना. दिवसभर आणि रातभर तसाच. हाका मारल्या. शेजारचा टीव्ही मला ऐकू येत हुता. मी त्यांना न्हाय." पेला खाली ठेवला. "मला योगातलं काय ठावं, मिस्त्री? सातला मी दिसलो न्हाय तर सात जण विचारतील, एवढंच बघितलं. आता तुम्ही एकटेच. आन् आज तुम्हीच दिसला न्हाय."

मग मी कुणाला न सांगितलेलं त्याला सांगितलं. शांता गेली त्या सकाळी मी याच ओट्यावर चहाची वाट बघत बसलो होतो. ती आत गॅसपाशी पडलेली. मी तीन हाका मारल्या. तिसरी शिवी घालून. उठून आत गेलो नाही.

त्यानं उरलेल्या पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. बरं केलं.

ते पिऊन मी विचारलं, "किती वाजता उठता?"

"चारला. झोप कुठं येती?"

"मग सातपर्यंत कशाला थांबायचं? पाचला येतो मी तुमच्याकडं."

"कशाला?"

"दार वाजवायला."

त्यानं दाराची दुसरी किल्ली करून दिली. आता रोज पाचला जातो. परवा आतनं आवाज आला नाही म्हणून सरळ आत शिरलो, तर हा उघडाबंब, अंगाला साबण लावून उभा. "लाज न्हाय का मिस्त्री?" म्हणून तांब्याच फेकून मारला. मारू दे. मी एक हाक मारतो. दुसरी मारत बसत नाही.